बाबासाहेबांनी चेतवायला सांगितले, भडकायला नव्हे!

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे तीन शब्द माहीत नाहीत असा आंबेडकरी माणूस शोधूनही सापडणार नाही. वस्तीच्या कमानीवर, विहाराच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर, जयंतीच्या पावतीपुस्तकावर, एवढेच काय, मंगल परिणयाच्या पत्रिकेवरसुद्धा ते छापलेले असतात. जे रोज डोळ्यांसमोर असते त्याकडे माणूस नीट पाहत नाही. म्हणून आज आम्ही या तीनपैकी एकाच शब्दाची उलटतपासणी घेणार आहोत.

बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १८ जुलै १९४२ रोजी नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत भाषण केले आणि भाषणाच्या शेवटी समाजाला हा संदेश दिला. इंग्रजी इतिवृत्तात शब्द आहेत 'एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ'. क्रमही हाच आहे. हे शब्द त्याआधीही चळवळीत होते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे ब्रीद म्हणून ते ओळखले जातात. त्याच्याही आधी, १८८० च्या दशकात, इंग्लंडमधील समाजवादी संघटनांत ते रूढ होते, आणि बाबासाहेब लंडनला शिकलेले. परंतु शब्द कोठून आला यापेक्षा त्याचे पुढे काय झाले हे अधिक महत्त्वाचे आहे. मराठीत येताना मधला शब्द शेवटी गेला, आणि जाता जाता त्याचा अर्थही बदलला. 'अ‍ॅजिटेट'चे 'संघर्ष करा' झाले.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, समाजावर अत्याचार होत असताना शब्दांचा कीस कशाला पाडता? आमचे म्हणणे असे, की अत्याचार होत आहेत म्हणूनच तो पाडला पाहिजे. फौजदारी कोर्टात माणूस आत जातो आणि बाहेर येतो तो पुष्कळदा एका क्रियापदावर. 'जमावाला आवाहन केले' आणि 'जमावाला चिथावले' या दोन वाक्यांत एकाच शब्दाचा फरक आहे. पहिल्या वाक्यावर माणूस घरी जातो, दुसऱ्यावर त्याला जामिनाचा अर्ज करावा लागतो. आपल्या वस्त्यांमधील कित्येक पोरांच्या नावावर आज जे गुन्हे दाखल आहेत, ते या दुसऱ्या क्रियापदाखाली आहेत. म्हणून बाबासाहेबांनी नेमके कोणते क्रियापद आपल्या हातात दिले होते, हे आपण समजून घेतलेच पाहिजे.

'अ‍ॅजिटेट' या शब्दाचे मूळ लॅटिन आहे. हलवत राहणे, गती देणे, एखादी गोष्ट मनात घोळवणे असे त्याचे अर्थ आहेत. कपडे धुण्याच्या काही यंत्रांत मधोमध फिरणारा जो खांब असतो त्याला अ‍ॅजिटेटर म्हणतात. तो काही पेटवत नाही. साचलेले पाणी ढवळतो आणि कापडात मुरलेला मळ सुटा करतो. मराठीत या अर्थाच्या सर्वांत जवळचा शब्द आपण रोज वापरतो, तो म्हणजे 'चळवळ'. जे थिजलेले होते ते हलू लागणे, चळू-वळू लागणे, म्हणजे चळवळ. आपण स्वतःला चळवळीचे कार्यकर्ते म्हणवतो तेव्हा 'अ‍ॅजिटेट' हाच शब्द मराठीत उच्चारत असतो. सनातन्यांनी 'चळवळ्या' ही शिवी करून ठेवली, ती उगाच नव्हे. ज्यांचे हित सगळे जागच्या जागी राहण्यात आहे, त्यांना हालचाल सोसत नाही.

आता ही हालचाल मनाची असेल तर तिला काय म्हणायचे? भावना जागवणारी क्रियापदे मराठीत पुष्कळ आहेत. डिवचणे, उचकवणे, फूस लावणे, चिथावणे, भडकवणे, पेटवणे, चेतवणे. वरवर पाहता सगळी एकाच माळेचे मणी वाटतात. पण ज्यांनी चूल केली आहे अशा आपल्या आयांना, आज्यांना विचारा. चूल चेतवायची म्हणजे आधी राख सारायची, खाली राहिलेला निखारा शोधायचा, त्यावर बारीक काटक्या रचायच्या आणि फुंकणीने बेताने फुंकर घालायची. धूर डोळ्यांत जातो, वेळ लागतो. पण चूल चेतली की घरादाराची भाकरी होते. भडका उडवायला यातले काहीच लागत नाही. घासलेट ओतले, काडी लावली की झाले. भाकरी करपते आणि कधी कधी घरही जाते. चेतवणाऱ्याचा विश्वास आत असलेल्या निखाऱ्यावर असतो. भडकवणाऱ्याला निखाऱ्याची गरज नसते, तो घासलेट बाहेरून आणतो.

शिवाय 'चेतवणे' हे क्रियापद 'चेतना' या शब्दाच्या घरातले आहे. बौद्धांना या शब्दाची वेगळी ओळख करून द्यायला नको. तथागतांनी कर्माची व्याख्या चेतनेवर उभी केली. माणूस जे समजून-उमजून, इच्छेने करतो, ते कर्म. भडकलेला माणूस जे करतो ते त्याच्या हातून घडते. चेतलेला माणूस जे करतो ते तो स्वतः करतो. म्हणून 'अ‍ॅजिटेट'ला एक मराठी शब्द द्यायचा झाला तर आम्ही 'चेतवा' हा देऊ. शिका, चेतवा, संघटित व्हा. असे वाचले की क्रमाचाही उलगडा होतो. शिकलेल्या माणसाने स्वतःचे आणि इतरांचे मन चेतवावे, आणि अशी चेतलेली माणसे एकत्र आली की संघटना उभी राहते. चेतवणे मधून काढून घेतले तर शिकलेले नोकरीला लागतात, संघटना गटातटांच्या पाट्या होतात आणि संघर्ष वर्षातून दोन वेळा मोर्चाला जाण्यापुरता उरतो. हे चित्र कोणत्या गावचे आहे ते आम्ही सांगायला नको.

'संघर्ष' या शब्दाशी आमचे वैर नाही. त्या शब्दाने आपल्या तीन पिढ्या उभ्या केल्या. रिपब्लिकन पक्षाचा भूमिहीनांचा लढा असो, नामांतराचा लढा असो, माणसे या शब्दावर तुरुंगात गेली आणि मेलीही. परंतु संघर्षाला समोर शत्रू लागतो. चेतवण्याचे काम शत्रू समोर नसतानाही चालते, आणि ते आपल्याच घरापासून सुरू होते. नागपूरच्या त्या भाषणात बाबासाहेबांनी आपली लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नसून माणूसपण परत मिळवण्यासाठी असल्याचे सांगितले होते. त्याच मंडपात २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिलांची परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क मिळावा, बहुपत्नीत्व बंद व्हावे असे ठराव त्या परिषदेने केले. हिंदू कोड बिल पुढे बरेच वर्षांनी आले. त्याआधी खेड्यापाड्यांतून आलेल्या आपल्या बाया हे मागत होत्या. चेतवणे म्हणतात ते याला. मन ढवळले की त्यातून दगड निघत नाही, मागणी निघते.

चेतवणे आणि भडकवणे यांतला फरक इतिहासात एकाच गावात, एकाच दिवशी पाहायचा असेल तर महाड पाहावे. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी तेथे परिषद झाली. कुलाबा जिल्ह्यातून आणि बाहेरून आलेल्या आपल्या माणसांसमोर बाबासाहेब बोलले. मेलेल्या जनावराचे मांस खाऊ नका, मुलांना शिकवा, स्वतःची किंमत ओळखा असे त्यांनी सांगितले. २० तारखेला ही माणसे रांगेने, शिस्तीत चवदार तळ्यावर गेली, ओंजळभर पाणी प्यायली आणि परत आली. शेकडो वर्षे जे हात आखडलेले होते ते पाण्यापर्यंत पोचले, आणि एकही दगड उचलावा लागला नाही.

त्याच दुपारी गावात दुसरे क्रियापद कामाला लागले. हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार, अशी अफवा उठवण्यात आली. अफवेला पुरावा लागत नाही. सवर्णांचा जमाव लाठ्या घेऊन निघाला आणि मंडपात जेवत असलेल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या आपल्या माणसांना झोडपले. आपल्यात लष्करातून आलेले गडी होते, हात शिवशिवत होते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. लक्षात घ्या, मार खाऊन गप्प बसा असे त्यांनी सांगितले नाही. प्रकरण कोर्टात गेले आणि हल्लेखोरांपैकी काहींना शिक्षा झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा महाडला सत्याग्रह ठरला. हजारो लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. विरोधकांनी दिवाणी कोर्टातून मनाई हुकूम आणला. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, परंतु मनाई हुकमाखालच्या तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाला आणि लढाई कोर्टात नेण्यात आली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. पहिल्या ओंजळीपासून निकालापर्यंत दहा वर्षे लागली. भडका दहा वर्षे टिकत नाही. चेतवलेला विस्तवच टिकतो.

आता एक प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. तुमचे म्हणणे काय, आम्ही संतापायचेही नाही? आमच्या बापाच्या पुतळ्याची विटंबना झाली, आमच्या बहिणीला नागवे केले, तरी अर्ज लिहीत बसायचे?

संताप हा निखारा आहे, तो विझवायला आम्ही सांगत नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांचे हत्याकांड झाले. मोठ्या म्हणवणाऱ्या वृत्तपत्रांना कित्येक दिवस त्याचे काहीच वाटले नाही. समाज रस्त्यावर आला तेव्हा कोठे देशाला खैरलांजी हे नाव कळले. त्यावेळीही आंदोलनामागे नक्षलवादी आहेत ही भाषा सत्तेच्या खुर्चीवरून झाली. म्हणजे आमचे दुःख आमचे नाही, कोणीतरी आम्हाला चिथावले! गुलामाला स्वतःचा राग येऊ शकतो, हेच मालकाला पटत नसते. तसेच २०१८ चे. २० मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची धार बोथट करणारा निकाल दिला. २ एप्रिलला देशभर बंद झाला. त्यात माणसेही मेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायद्यात कलम १८-अ घालावे लागले आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. रस्त्यावर उतरल्याशिवाय हे घडले नसते. तेव्हा रस्ता वर्ज्य आहे असे म्हणणारा माणूस आंबेडकरी नव्हे.

पण याच खैरलांजीची दुसरी बाजूही आहे. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टाचा निकाल लागला, त्यात शिक्षा कठोर झाल्या, परंतु अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाल्याचे मानले गेले नाही. जातीच्या द्वेषातून झालेल्या हत्याकांडात जातच कागदावरून गळली! रस्त्यावर लाखोंचा संताप होता, आणि कोर्टाच्या कागदावर जात सिद्ध झाली नाही. संतापाला फिर्यादीपर्यंत, जबाबापर्यंत, पंचनाम्यापर्यंत, साक्षीदारापर्यंत नेणारी माणसे गावोगाव तयार असायला हवीत. संताप तेथवर पोचणे, हेच त्याचे चेतणे.

आणि डिवचणारा काय करतो तेही ओळखले पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. लोक जमले. राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला आणि दहा माणसे मारली. पुढे या गोळीबाराची चौकशी झाली, आदेश देणाऱ्या उपनिरीक्षकाला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले, पोलीस वस्त्यांत शिरले, धरपकड झाली. अटक केलेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. त्याच्या आईला गुन्हा दाखल व्हावा म्हणून उच्च न्यायालयात जावे लागले आणि २०२५ मध्ये तसा आदेश झाला.

दोन्ही ठिकाणी क्रम तोच आहे. आधी कोणीतरी डिवचतो. मग आपण चिडतो. एखादी काच फुटते. त्या काचेनंतर बातमीचा विषय बदलतो. विटंबना मागे पडते, दगडफेक पुढे येते. फिर्यादी असलेला समाज चोवीस तासांत आरोपी होतो. डिवचणाऱ्याला पुतळ्याशी देणेघेणे नसते, त्याला ही अदलाबदल हवी असते. ती त्याला फुकट का द्यायची? दहा माणसे मारणारी गोळी आणि कोठडीतला मृत्यू यांचे समर्थन कोणत्याही काचेने होत नाही, हे ठणकावून सांगितलेच पाहिजे. पण ते सांगत असताना आपल्या हातात दगडाऐवजी कागद असेल, तर उत्तर द्यायची पाळी समोरच्यावर येते.

कायदासुद्धा चेतवणे आणि चिथावणे यांत फरक करतो, आणि तो आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवा. संविधानाच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने भाषणस्वातंत्र्य दिले. त्यावरील निर्बंधांच्या यादीत, म्हणजे १९(२) मध्ये, 'अपराधास चिथावणी' हे शब्द १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले. तेव्हा कायदामंत्री स्वतः बाबासाहेब होते. निर्बंध भावना जागवण्यावर नाही, अपराधाला चिथावण्यावर आहे. २०१५ साली श्रेया सिंघल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ रद्द केले तेव्हा तीन पायऱ्या सांगितल्या. एखाद्या मताची चर्चा करणे, त्याचा पुरस्कार करणे आणि त्यासाठी चिथावणी देणे. पहिल्या दोन पायऱ्या कितीही कडू लागल्या तरी स्वातंत्र्यात बसतात. कायदा आडवा येतो तो तिसऱ्या पायरीवर. १९९५ च्या बलवंतसिंग प्रकरणात तर दोन माणसांनी दिलेल्या नुसत्या घोषणा, ज्यांना जमावाने प्रतिसादही दिला नाही, त्या गुन्हा ठरत नाहीत असे न्यायालय म्हणाले.

मग शब्द चिथावणीखोर आहेत की नाहीत हे कोणाच्या कानाने ठरवायचे? नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी स्वातंत्र्यापूर्वीच याचे माप घालून दिले. शब्दांचा परिणाम समंजस, कणखर मनाच्या माणसावर काय होईल ते पाहायचे. प्रत्येक विरोधी मतात ज्याला धोका दिसतो अशा दुबळ्या मनाच्या माणसावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे माप १९८८ मध्ये 'तमस' मालिकेच्या प्रकरणात वापरले, २००७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पुस्तकाच्या प्रकरणात वापरले आणि मार्च २०२५ मध्ये एका कवितेवरून गुजरातेत दाखल झालेला गुन्हा रद्द करतानाही वापरले. जुन्या दंड संहितेचे कलम १५३-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १९६ झाले आहे, ५०५ च्या जागी ३५३ आले आहे. आकडे बदलले, माप तेच आहे. २०२५ च्या त्या निकालात न्यायालयाने असेही सांगितले, की बोलण्या-लिहिण्यावरून अशी तक्रार आली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) प्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करून घेणे योग्य. पोलीस ठाण्यात हे सांगणारा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असावा, एवढीच आमची अपेक्षा आहे.

बाबासाहेब वकील म्हणून याच धारेवर उभे राहिले होते. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर आदी ब्राह्मणेतर चळवळीतील मंडळींवर पुण्यात खटला झाला, खालच्या कोर्टात शिक्षा झाली. १९२६ मध्ये अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि ते सुटले. ते पुस्तक बाबासाहेबांच्या स्वतःच्या लिहिण्याच्या शैलीत बसणारे नव्हते. पण कडक शब्द लिहिणारा माणूस गुन्हेगार ठरू नये यासाठी ते उभे राहिले. दुसऱ्याच्या कडक शब्दांना त्यांनी कोर्टात संरक्षण दिले आणि स्वतः लिहिताना प्रत्येक शब्दामागे पुरावा ठेवला. 'मूकनायक'पासून 'प्रबुद्ध भारत'पर्यंतचे लेखन पाहा. आग आहे, पण प्रत्येक वाक्य दाखल्यासह उभे आहे. म्हणूनच विरोधकांना त्याचे उत्तर देता येईना.

आता थोडे आपल्या अंगणात. बाहेरच्या भडकवणाऱ्यांबद्दल बोलणे सोपे असते. आपल्यातल्या भडकवणाऱ्यांचे काय? मंचावर माईक हातात आला की एखादा पुढारी दुसऱ्या समाजाच्या आयाबहिणींवर घसरतो, टाळ्या घेतो आणि रात्री त्याच समाजाच्या आमदाराकडे तिकिटासाठी जातो. त्याच्या टाळ्यांची किंमत खाली उभा असलेला अठरा वर्षांचा पोरगा मोजतो. मोबाईलवर कोठलीतरी जुनी चित्रफीत 'आजची घटना' म्हणून येते, पोरगा खात्री न करता ती पन्नास जणांना पाठवतो, आणि गुन्हा त्याच्या नावावर दाखल होतो. पुढाऱ्याचा वकील वेगळा असतो. पोराची आई मंगळसूत्र गहाण ठेवून जामीनदार शोधत फिरते. आम्ही या आया कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या पाहतो. वर्षानुवर्षे तारखा पडतात. पोरगा पोलीस भरतीची शारीरिक चाचणी उत्तम गुणांनी काढतो आणि चारित्र्य पडताळणीत अडकतो. ज्या घरात पहिला पगार यायचा असतो तेथे वॉरंट येते. असा एक पोरगा वाया गेला की बाबासाहेबांच्या तीन शब्दांपैकी पहिलाच शब्द, 'शिका', मातीत जातो.

म्हणून समाजातील जाणत्या माणसांपुढे आम्ही काही गोष्टी ठेवतो. विटंबना झाली, अत्याचार झाला, तर पहिला तास फिर्यादीचा माना. जागेची छायाचित्रे, साक्षीदारांची नावे, वेळ, सगळे लिहून काढा. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ ची दुरुस्ती होऊन कलम ३(१)(यू) आणि ३(१)(व्ही) आले आहेत. अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध शत्रुत्व व द्वेष पसरवणे आणि या समाजांना अत्यंत आदरणीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा शब्दाने वा कृतीने अनादर करणे हे त्यांनी गुन्हे ठरवले. ही कलमे फिर्यादीत आली का ते वाचून सही करा. कलम १८-अ मुळे या कायद्याखालील गुन्हा नोंदवण्यासाठी प्राथमिक चौकशीची गरज नाही. अधिकारी टाळाटाळ करत असेल तर कर्तव्यात कसुरीबद्दल कलम ४ आहे. पीडित आणि साक्षीदारांच्या हक्कांसाठी कलम १५-अ आहे. मोर्चा काढाच, पण मोर्चाच्या पुढे फलक कोणता आणि घोषणा कोणत्या हे आदल्या रात्री ठरवा. बाहेरून येऊन दगड उचलणाऱ्या अनोळखी हाताला पकडायला आपले स्वयंसेवक ठेवा. समता सैनिक दल बाबासाहेबांनी शोभेच्या संचलनासाठी स्थापन केले नव्हते. आणि दर रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास तरी वाचन ठेवा. संविधानाचा एक अनुच्छेद, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मधील एक प्रकरण, गावातील एक प्रश्न. चूल चेतवायची असते ती अशी, रोज.

तथागतांनी गयेजवळ पूर्वी अग्निपूजक असलेल्या जटिल भिक्खूंना एक उपदेश केला होता. लोभाने, द्वेषाने, मोहाने सगळे जळते आहे, असा त्याचा आशय. ज्यांनी आयुष्यभर अग्नीची पूजा केली त्यांना तथागतांनी विझवण्याची आग दाखवली. त्याच तथागतांनी अखेरच्या काळात भिक्खूंना स्वतःच स्वतःचा दीप व्हायला सांगितले. द्वेषाची आग विझवायची आणि प्रज्ञेचा दिवा चेतवायचा, या दोन्ही गोष्टी एकाच धम्मात आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो लोकांनी नागपुरात जो धम्म स्वीकारला, त्यात हजारो वर्षांच्या अपमानाचा सगळा संताप होता. तरीही त्या दिवशी शेजारच्या घरावर कोणी दगड टाकला नाही. लोकांनी घरातले देव काढून टाकले, बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि पोरांना शाळेत घातले. या देशातील सर्वांत मोठे 'अ‍ॅजिटेशन' ते होते.

तेव्हा बांधवांनो आणि भगिनींनो, उद्या कोणी तुम्हाला चिथावणीखोर म्हटले तर खाली मान घालू नका. आम्ही चेतवतो, आणि चेतवत राहू, असे ताठ मानेने सांगा. पण तसे सांगण्याआधी आपल्या हातात फुंकणी आहे की घासलेटचा डबा, हे ज्याने त्याने एकदा पाहून घ्यावे.

जयभीम! नमो बुद्धाय!